आऱ्याची डावी बाजू

सगुणाबाई गेल्याचं मला गोंदियात कळलं. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. सकाळच्या उन्हात नातीला पायावर घेऊन तेल लावत होते, तेवढ्यात आमच्या घरचे, म्हणजे हे, दारात उभे राहिले. अंगावर घोंगडी, पायांवर धूळ, आणि हातात काही नाही. नात बघायला आलेला आजा रिकाम्या हातानं येत नाही, एवढं मला कळत होतं. "वहिनी गेली," ते म्हणाले. "ताप चढला, तो उतरलाच नाई." मी नातीला पुसून तिच्या आईजवळ दिलं आणि ह्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "तवापासून आरा बंद हाय..." बाहेरच्या माणसाला हे दुसरं वाक्य कोरडं वाटेल. आमच्या घरात ते पहिल्या वाक्याचाच पुढचा भाग होता. ते कसं, हे सांगायचं तर सगुणाबाईबद्दल लिहायला हवं, म्हणून लिहिते.

सगुणाबाई माझी मोठी जाऊ. केशोरीचं आमचं घर सुताराचं, पण पलंग-पाट करणारं नव्हे, जंगलातून आलेले ओंडके चिरून फळ्या पाडणारं. घरामागे पुरुषभर खोल खड्डा आहे. त्याच्यावर ओंडका आडवा टाकतात. माणसाहून लांब अशी करवत म्हणजे आरा, त्याला वर-खाली मुठी. एक जण ओंडक्यावर उभा राहून गेरूच्या रेघेवर आरा धरतो, दुसरा खड्ड्यात उभा राहून ओढतो. मी लग्न होऊन आले तेव्हा वर भासरे असत आणि खाली आमच्या घरचे. खालच्याच्या नशिबी ओढण्याचं काम आणि डोक्यावर भुसा. ह्यांच्या कानातून मी सागवानाचा इतका भुसा काढला आहे की सांगून खरं वाटणार नाही.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, सगुणाबाईचे यजमान. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांच्या समोर बसायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या हातात हातानं काही द्यायचं नाही. तीस वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याशी शब्द बोलले नव्हते. पण घर तर चालवायचं असतं. म्हणून सगळं बोलणं सगुणाबाईमार्फत व्हायचं. भासरे ओसरीवर जेवायला बसत, मी दाराआड उभी, आणि सगुणाबाई मधे उंबऱ्यापाशी. "सांग तिले, ताकात मीठ नाई," भासरे म्हणत. मी आतून म्हणायची, "बाई, त्यायले सांगा, मीठ ताटाच्या कोपऱ्यात वाढलं हाय." सगुणाबाई दोन्हीकडे बघून म्हणायची, "ऐकलं न दोघायनबी? मंग मले कायले मधात उभं करता?" पण कधी तिथून उठली नाही.

ती डावरी होती. कांडताना, दळताना कोणाच्या ते लक्षात यायचं नाही, पण भाताचं उलथनं उचललं की ते डाव्याच हातात जायचं. डाव्या हातानं वाढलेलं कोण खाणार? सासूबाईंनी तिला कधी पंगतीत वाढू दिलं नाही, देवाजवळ दिवा लावू दिला नाही. उजव्या हाताची सवय लागावी म्हणून डाव्या मनगटाला दोरा बांधून पाहिला, तर ती दोऱ्यासकट डाव्याच हातानं कामं करायची. मी आले आणि वाढण्याचं काम माझ्याकडे आलं. ती चुलीपाशी बसून भांडी भरून द्यायची, मी नेऊन वाढायची. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "बरं झालं वं तू आली. माहा हात सुटला." मला वाटलं होतं, मोठी जाऊ म्हणजे धाक असेल. ही तर सुटका झाल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

पुढे भासऱ्यांची नजर मंदावत गेली. आधी गेरूची रेघ दिसेना, तेव्हा ते ओंडक्यावरून उतरले आणि वर गडी ठेवला. पण आऱ्याला धार लावायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आरा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दात वर करून पक्का बसवतात. दात एक इकडे कललेला, एक तिकडे, असे एकाआड एक असतात. तिकोनी कानस दोन दातांच्या मधे ठेवून पुढे ढकलायची, येताना उचलून घ्यायची. एका बाजूला बसून अर्धे दात, मग पलीकडे जाऊन उरलेले. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का हे बघायला जुने लोक सुई वापरतात. दोन्हीकडे कललेल्या दातांच्या मधे जी पन्हळ तयार होते, तिच्यात सुई ठेवून आरा थोडा तिरपा करायचा. दात सारखे असतील तर सुई घसरत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. एखादी बाजू चुकली असेल तर तिथेच खाली पडते.

भासऱ्यांची एक बाजू हाताच्या सवयीनं नीट व्हायची. पलीकडे गेले की उजवा हात उलट्या अंगानं वळवावा लागे, आणि तिथे डोळ्यांनी बघावं लागतं. आरा एका बाजूला ओढू लागला. फळी या टोकाला जाड, त्या टोकाला पातळ. गोंदियाचा ठेकेदार फळ्या उचलायला आला, त्यानं एक फळी उभी धरून पाहिली आणि म्हणाला, "मिस्त्री, ये तख्ता है कि पच्चर?" आणि पाचरीसारख्या झालेल्या अर्ध्या फळ्या तिथेच टाकून गेला. सासूबाईंनी आऱ्याला लिंबू बांधलं. आमच्या घरच्यांनी धार लावणारा माणूस बाहेरून आणायची गोष्ट काढली. पण मग भासऱ्यांनी दिवसभर काय करायचं? म्हणून ती गोष्ट तिथेच सोडली.

सुई बघायला भासरे तेव्हा सगुणाबाईला बोलवत असत. अशाच एका दुपारी मी दाराआड तांदूळ निवडत होते. ती म्हणाली, "पडली."

"कुठं?"

"माह्याकडच्या बाजूले. रोज तिकडंच पडते. तुमची बाजू नीट हाय."

"मंग मी काय करू? उजवा हात तिकून नाई वळत."

"माहा डावा वळते," ती म्हणाली.

कानस पाटावर सरकवल्याचा आवाज आला. "दातावर टेकव," भासरे म्हणाले. "जोर नको. जाताना घास, येताना उचल."

घरात मोठा गोंधळ झाला तो याच्यावर. सून अंगणात, उघड्यावर, नवऱ्याच्या तोंडासमोर मांडी घालून बसते, आणि हत्याराला डावा हात लावते. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "नवऱ्यापुढं असं बसाले लाज नाई वाटत?" सगुणाबाई मान वर न करता म्हणाली, "त्यायले दिसत नाई, आत्याबाई. लाज कोनाची धरू?" यावर भासरे हसले. त्यांचं हसणं मी घरात प्रथमच ऐकलं, आणि सासूबाईंनीही बहुधा बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं, कारण त्या तशाच आत आल्या आणि मलाच म्हणाल्या, "तांदुरात खडे ठेवजो नको."

पहिल्या दिवशीची धार काही जमली नव्हती. सगुणाबाईनं कधी नव्हे ते डाव्या हाताला काम मिळाल्यासारखं दाबून घासलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरचे खड्ड्यातून भुशानं माखून वर आले आणि म्हणाले, "काल आरा इकडं जात होता, आज तिकडं जाऊन राहिला. रात्री भांडले का तुमी दोघं?" मग तिच्यासाठी वेगळी कानस आली आणि त्या दोघांनी आपली रीत बसवली. भासरे त्यांच्या दातावर कानसेचे दोन हात मारत आणि थांबत. मग समोरून ती शेजारच्या दातावर दोन हात मारी. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिचा आवाज त्यांच्यापेक्षा जड आला तर ते "हलकं" एवढंच म्हणत. काही दिवसांतच सुई टोकापर्यंत गेली. त्या वर्षी दसऱ्याला हत्यारं मांडली तेव्हा सासूबाईंनी त्यांतल्या एकेकाला हळद लावली, आणि शेवटी सगुणाबाईच्या कानसेलाही लावली. त्यानंतर पंगतीत डाव्या हाताचा विषय निघाला की त्या दुसरंच काही बोलू लागत.

असं कितीतरी वर्षं चाललं. सासूबाई गेल्या, सगुणाबाईच्या मुली लग्न होऊन गेल्या, वरच्या गड्याच्या जागी माझा मुलगा उभा राहू लागला. दुपारची भांडी झाली की अंगणातून दोन हात, थांबणं, दोन हात असा आवाज सुरू व्हायचा, आणि मी त्यावर माझी कामं लावायची. क्वचित आवाज एकमेकांत मिसळायचे, म्हणजे काहीतरी बिनसलेलं असायचं. मग दुसऱ्या दिवशी खड्ड्यातून ह्यांची हाक यायची, "आज फळी वहिनीकडं सरकून राहिली. म्हणजे भांडणात वहिनी जिंकली." सगुणाबाई स्वभावानं गोड वगैरे नव्हती. हट्टी होती, चहा काळा करायची, माझ्या भाजीला नावं ठेवायची. पण एखादी गोष्ट सरळ होत नसेल तर ती सरळ होईपर्यंत तिथून हलायची नाही.

मी अर्जुनीला गाडीतून उतरून बैलगाडीनं घरी पोहोचले, तेव्हा आरा पट्ट्यांमध्ये बसवलेला होता. भासऱ्यांनी आपल्या बाजूचे दात घासून ठेवले होते. ते चमकत होते. मधले, तिच्या बाजूचे दात काळे तसेच. आमच्या घरच्यांनी पलीकडची बाजू मी करतो म्हटलं होतं, तर भासऱ्यांनी पट्ट्यांच्या खुंट्या काढून आरा घरात नेऊन ठेवला होता. हे झोपायला गेल्यावर भासऱ्यांनी तो परत बाहेर आणला, सकाळी पुन्हा आपलीच बाजू घासत बसले. अशानं दात झिजून जातात. माझा मुलगा म्हणाला, "मोठे बाबा, गोंदियात मशीन लागली हाय. आता आराच कायले पाहिजे?" भासरे घासत राहिले. मुलगा वाईट नाही, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. पण आरा गेला असता तर भासरे ओसरीवर बसून जेवणाची वाट बघणारे म्हातारे झाले असते, आणि ते मला नको होतं. मी स्वतः समोर बसले असते. दाराआडून बघून बघून मला सगळं पाठ आहे. पण भासऱ्यांच्या समोर बसणं ह्या घरात होत नाही, आणि मी उजव्या हाताची. त्या बाजूला माझ्या हातून वाकडंच झालं असतं.

आता आमच्या मधे कोणी नव्हतं. मी ताट ठेवून तांब्या वाजवायची, ते समजून जेवायचे. ताकात मीठ आहे की नाही, हे मला कळेनासं झालं. मग एका दुपारी ते दाराच्या चौकटीकडे तोंड करून म्हणाले, "आत कोनी असन तं... तिची कानस कुठं हाय?"

ती तिच्या शिवणाच्या डब्यात होती, फडक्यात गुंडाळलेली, फडक्याला सुई टोचलेली. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, तिच्या अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेली. मी ती उजव्या हातात धरून पाहिली तर झिजलेल्या भागाची कड तळव्याला रुतत होती. दुसऱ्या कोणाच्या उजव्या हाताला ती मूठ बसणारच नव्हती. मी ती उंबऱ्यावर ठेवली आणि मागे झाले. भासऱ्यांनी चाचपून घेतली. उजव्या हातात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग डाव्या हातात घेतली... आणि उठले. आऱ्यावर हात ठेवत ठेवत पलीकडे गेले, आणि तिच्या पाटावर बसले.

आवाज वाईट होता. कानस घसरायची, दाताच्या डोक्यावरून निसटायची. दोन हात, आणि मग लांब थांबणं. संध्याकाळी आमच्या घरचे काही बोलणार होते, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या खेपेला त्यांनी पन्हळीत सुई ठेवली, आरा तिरपा केला, आणि मोठ्यानं विचारलं, "पडली का?"

अंगणात दुसरं कोणी नव्हतं. बापलेक ओंडके बघायला गेले होते. मी पदर पुढे ओढला, उंबऱ्यापर्यंत आले आणि पाहिलं.

"पडली," मी म्हणाले. "तिच्या बाजूले. तीन-चार दात सोडून लगेच."

भासरे "बरं" म्हणाले आणि सुई शोधायला जमिनीवर हात फिरवू लागले. "तुमच्या पायापाशी," मी म्हणाले.

आता हे रोजचं आहे. भांडी झाली की मी उंबऱ्यावर उभी राहते, ते सुई ठेवतात, मी सांगते. बाकी बोलणं नाही. सुई अजून टोकापर्यंत जात नाही, पण परवा ती आऱ्याच्या मध्यापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं.