गुंडप्पा अज्जांचं एक मत

आमचे अज्जा, गुंडप्पा किराणावाले, बिस्किटाचा पुडासुद्धा कानाशी हलवून मगच विकत घेतात. कुणी "शरणार्थ, अज्जा" असा नमस्कार केला की आधी त्याच्या हाताकडं बघतात, हा काय मागाया आलाय म्हणून. असा माणूस पोलिंग एजंट म्हणून जन्मालाच येत असावा. जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावात सहा पंचवार्षिक ते बूथवर बसले.

यंदा ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात बाईची जागा सुटली आणि माझी आई, मंजुश्री, उभी राहिली. समोर दामिनीकाकू. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या केरबाच्या सिंधूनंही फॉर्म भरला.

"ही उभी ऱ्हायली न्हाई, हिला उभं केलंय!" अज्जांचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा. "आपली पन्नास मतं खायला. निम्म्याच्या वर कुटं लागतात? दुसऱ्यापरीस एक जास्त, बस. मंग आपली वाढवायची कशाला, समोरच्याची फोडायची."

"तुमाला कसं ठाव?" अज्जी म्हणाली.

"मागल्या बारीला मीच केल्तं की!"

अज्जांचा खरा संशय मात्र घरातच होता. रुद्राणी अज्जी आणि दामिनीकाकू माहेराकडून उदगीरकडच्या एकाच गावच्या. नळावर भेटल्या की कानडीत बोलायच्या. बोलायच्या काय, तर भाजी काय केली. पण हळू बोलायच्या! अज्जांच्या लेखी हे पुरेसं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी अज्जा शाळेत हजर. मशीनची चाचणी तीनदा करायला लावली. सीलवर सही केली आणि ती आपलीच आहे का ते पुन्हा चष्मा पुसून बघितलं. मी, अज्जी, आई, सगळ्यांनी दुपारपर्यंत मतं दिली. (माझं नाही, मला अजून दोन वर्षं आहेत. मी नुसतीच रांगेत.) अज्जा म्हणाले, "मी शेवटी मारणार. दिसभर मशीन कसं वागतंय ते बघून."

पाच वाजून वीस मिनिटांनी गेटबाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दामिनीकाकूची माणसं कुणाला भरून आणतायत हे बघायला अज्जा उठले. जाता जाता पोलिसाला दम दिला, "साडेपाच म्हंजे साडेपाच. माझा बाप आला तरी गेट उघडायचं न्हाई!"

जीप किल्लारीच्या पाहुण्यांची निघाली, कुणाच्या तरी बारशाची. ड्रायव्हरची पूर्ण चौकशी करून अज्जा परतले तेव्हा पाच पस्तीस झाले होते. पास बघून पोलिसानं आत सोडलं, पण केंद्राध्यक्ष म्हणाले, "एजंट म्हणून बसा, आजोबा. मतदार म्हणून तुमची वेळ गेली. गेट बंद होताना तुम्ही बाहेर होता."

हे तेव्हा घरी कुणालाच कळलं नाही. मीही गेटवरून पाहिलं होतं ते जीपपर्यंतच. त्या रात्री अज्जा न जेवता झोपले, आम्हाला वाटलं दगदग झाली.

दोन दिवसांनी तहसीलला मांडवात मोजणी. आई एकशे सत्त्याऐंशी. दामिनीकाकू एकशे सत्त्याऐंशी. सिंधू बावन्न. सारखी मतं, म्हणून मोजणीच्या साहेबांनी चिठ्ठ्या टाकायच्या ठरवल्या. आईचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. दोन महिने तिनं दारोदार शाळेच्या कुंपणासाठी मत मागितलं होतं.

साहेब चिठ्ठ्या लिहीत होते आणि अज्जा भर मांडवात अज्जीवर फिरले. "एक मत कमी पडलं. एकच! घरातलंच फुटलंय. कानडीत काय ठरलं व्हतं, सांग आता."

अज्जीनं डाव्या हाताचं बोट वर केलं. शाई नखात उतरलेली. "मी सुनंचंच बटन दाबलं. शिवाची आण. आता तुमचं दाखवा."

"माझं कशाला?"

"दाखवा की."

अज्जांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. आईनंच तो हळूच बाहेर काढला. बोट धुतल्या तांदळासारखं.

"मामंजी?"

"गेट… साडेपाचला…" अज्जांच्या डब्यातले सगळे खडे एकाएकी संपले.

एका कारकुनाच्या पोरीनं चिठ्ठी उचलली. दामिनीकाकू. गुलाल तिकडं उडाला.

परतीच्या जीपमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढल्या बारीला एजंट आत्या बसतील."

"बसीन," अज्जी म्हणाली. "सकाळी आधी मत देईन, मंग बसीन."

अज्जांनी हळूच मान वळवली. "कुणाला देशील?"