मुलीच्या कवितेवर मी केलेल्या दोन खुणा

सरांच्या बाथरूमच्या भिंतीला पोट आलं होतं. पोट आलं म्हणजे भिंत मधेच फुगली. आत पाणी मुरलं की प्लास्टर विटेला सोडतं, मग असं होतं. मी अर्धी भिंत खरवडून काढली होती, तोंडावर सगळी धूळ, आणि सर दारात एक कागद धरून उभे राहिले.

"मिस्त्री, पाच मिनिटं बाहेर येता का?"

मला वाटलं टाइल बदलायची असेल. कस्टमर काम चालू असताना बाहेर बोलावतो तेव्हा बहुतेक टाइलचंच असतं. निदान माझ्या चाळीस वर्षांत तसंच बघितलं.

सर नवीन पनवेलला राहतात. शाळेत मराठी शिकवायचे, आता रिटायर आहेत. दोन-तीन महिन्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये कविता वाचायचा कार्यक्रम ठेवतात. माझी मुलगी वैशाली तिथं जाते. हे काम मला तिच्यामुळेच मिळालं. तिनं मला फोन केला नाही, सरांना माझा नंबर दिला. आमचं बापलेकीचं बोलणं पहिल्यापासून तिच्या आईच्या मार्फत चालायचं. माझ्या बायकोला, मंदाला, जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मार्फतच राहिली नाही.

"वैशालीची कविता आहे," सर म्हणाले. "तुमच्यावर. रविवारी वाचायची आहे. पण ती म्हणाली, आधी बाबांना दाखवा, त्यांना चालत असेल तरच वाचीन."

"माझ्यावर काय लिवलंय तिनं?"

"वाचा ना."

मी सातवीत शाळा सोडली. वाचता येतं, पण अडखळत. म्हटलं, तुमीच वाचा. सर स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. मी घमेलं पालथं घालून त्यावर बसलो.

कवितेत बाप म्हणजे ओळंबा होता. ओळंबा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंतीवरून खाली सोडायचं आणि भिंत सरळ उभी आहे की कललीय ते बघायचं. तिनं लिहिलं होतं, बाबा ओळंबा आहेत, त्यांच्यामुळे घर सरळ उभं राहिलं. पुढं लिहिलं होतं:

भिंतीच्या अगदी जवळ असतो,
भिंतीला टेकत नाही.
बोलत नाही, फक्त वाकडं कुठे ते दाखवतो.

मग खाली फरशीचं होतं. रोडपालीला तिनं आणि जावयानं फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो होतो. पानं वाढलेली, तिच्या सासरची सगळी माणसं बसलेली. मी आपला हॉलभर फिरून बोटाच्या गाठीनं फरशी वाजवून बघत होतो. खाली माल नीट भरला नसला तर फरशी पोकळ वाजते. चार फरश्या पोकळ निघाल्या. मी तिथंच मोठ्यानं सांगितलं, "ह्या पोकळ हायत, फसवलं तुमाला." तिची सासू खाली बघायला लागली. मंदानं माझी बाही ओढली. वैशालीनं मला भात वाढला. कवितेत ते असं आलं होतं:

नव्या घराची फरशी बाबांनी वाजवून पाहिली,
कुठे कुठे पोकळ आहे ते ऐकलं.
आई गेल्यावर मला कुणी वाजवून पाहिलं नाही.

सर थांबले. मी म्हटलं, "सर, मी माणूस हाय. लोखंडाचा गोळा नाय."

"याला प्रतिमा म्हणतात, मिस्त्री. वस्तू दाखवायची आणि माणूस सांगायचा."

"सरळ सांगायचं ना मंग. बाप कडक हाय म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"सरळ सांगितलं की एकच गोष्ट सांगून होते. बाप कडक. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. ओळंब्यात दोन गोष्टी मावल्यात. घर तुमच्यामुळे उभं राहिलं, हे तिनं म्हटलंय. तुम्ही इतके जवळ असून लांब राहिलात, हेही म्हटलंय. मुलांना बापाबद्दल दोन्ही एकदमच वाटत असतं. साध्या वाक्यात ते मावत नाही, म्हणून कवी वस्तू शोधतात."

मला कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. फरशीची ओळ तर लागलीच. पण माझी खोड अशी की आत काही हललं की मी कामातली चूक शोधायला लागतो. मंदा गेली त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्याच्या पायऱ्या लहान-मोठ्या झाल्यात हे बघत बसलो होतो. जावयाला दाखवलंही.

कानावरची पेन्सिल काढली. "द्या तो कागद," म्हटलं.

त्याचं असं आहे. ओळंब्याची दोरी एका ठोकळ्यातून जाते. ठोकळा वजनाइतकाच रुंद असतो. ठोकळा वर भिंतीला धरायचा आणि वजन खाली सोडायचं. भिंत सरळ असली तर वजन तिला अलगद टेकतं. लांब राहिलं तर समजायचं भिंत चुकली. म्हणजे कवितेतलं चुकलं होतं. मी त्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं, "चूक. सरळ भिंतीला ओळंबा टेकतो." फरशीच्या ओळींपुढं लिहिलं, "फरशी पोकळ होतीच."

सरांनी वाचलं.

"तिला काय सांगू? चालेल म्हणून सांगू?"

"आधी ते दुरुस्त करायला सांगा. चारचौघांत चुकीचं वाचंल तर हसतील तिला."

हे मी तिच्या भल्यासाठी म्हणालो. त्या वेळी मला तसंच वाटत होतं. सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवला. मी आत जाऊन प्लास्टर मारलं. त्या दिवशीची भिंत फार चांगली आली.

रविवारी मी दाढी करून हॉलवर गेलो. मागच्या खुर्चीवर बसलो. मला वाटत होतं, ती ओळ बदलून वाचेल. कधी नव्हे ते माझ्यावर कुणी काही लिहिलं होतं, ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. शेजारच्या माणसाला मी सांगून ठेवलं होतं, आता येईल ती माझी मुलगी, माझ्यावर वाचणार हाय. ती उठली आणि आईच्या चष्म्यावरची कविता वाचून खाली बसली. टाळ्या पडल्या. शेजारच्या माणसानं माझ्याकडं बघितलं.

बाहेर चहाच्या टेबलाशी तिनं मला बघितलं.

"बाबा, तुम्ही आलात?"

"ती का नाय वाचली?"

"चुकली होती ना."

"मंग दुरुस्त करायची. एक ओळ तर व्हती."

"केली होती, बाबा. टेकतो असं लिहून बघितलं. ओळंबा बरोबर झाला. पण मग ते तुम्ही नव्हतात."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. दुकानात माप सांगावं तशी बोलली. ओळंब्याबद्दल तिचं चुकलं होतं. बापाबद्दल तिनं एक सूतही इकडंतिकडं होऊ दिलं नव्हतं. तेव्हा विचारायचं होतं, पोरी, तू कशी हायस. मी विचारलं, "रोडपालीला पाणी येतं का नीट?"

"येतं," ती म्हणाली. जावई गाडी घेऊन आले, ती गेली.

त्यानंतर मी सरांकडं कागद मागितला. सर म्हणाले, तो तिच्याकडंच आहे. तिला विचारायला तोंड नाही. कविता पंधरा-वीस ओळींची असेल. त्यात आणखी बरंच होतं माझ्याबद्दल, काही चांगलंही होतं, सर म्हणतात. मला ते आठवत नाही. मी खुणा केल्या त्या दोनच जागा डोक्यात राहिल्यात.

हे वाचून कुणी काही शिकावं एवढा मी शिकलेला नाही. तरी धंद्यातल्या माणसांना एक सांगतो. आपलं माणूस चालेल का विचारतं तेव्हा हो किंवा नाही एवढंच म्हणावं. बरोबर आहे का, हे त्यानं विचारलेलं नसतं.