पाठीच्या मणक्यांची संधी

मंडळी, आज मुरूडहून आमच्या चौथीतल्या मुक्ताला पाठीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिचा एक मणका जन्मापासून अर्धाच आहे, म्हणून पाठ वाकत चालली आहे.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. सळ्या बसवून त्या वयाबरोबर लांबवत राहायच्या. किंवा तो अर्धा मणका काढून शेजारचे दोन जोडायचे. दुसऱ्यात जोखीम जास्त, पण शस्त्रक्रिया बहुधा एकदाच. त्यांचा कल त्याच्याकडे.

“एक अक्षर गळलं, शेजारची जुळली. संधीच की, बाबा,” मुक्ता म्हणाली. “हेच करू.”

“आणि पाठीवर व्रण राहील तो?”

“तो ‘सोऽहम्’मधला अवग्रह, गळलेल्या ‘अ’च्या जागचा ऽ. इथे कोणीतरी होतं, हे सांगणारा.”

पोरीला संस्कृत शिकवून काय मिळणार, असं विचारणाऱ्या मंडळींनो, आता बोला.