डोळे मिटून विहीर

मलकापुरात आमच्या उसाच्या रानावर आता कॉलनी झालीय. काल संध्याकाळी तिथंच मी वाट चुकले. सगळ्या इमारती एकसारख्या. तेवढ्यात कुठूनतरी उसाच्या जळत्या पाचटाचा वास आला.

सत्तरच्या दशकात मी आटपाडीच्या उघड्या माळावरून इथं नांदायला आले. माळावर लांबची टेकडी बघून दिशा कळायची. इथं शेतावर भाकरी घेऊन निघाले आणि उसात हरवले. पाती गालाला कापत होती. टेकडी दिसेल या आशेनं मान वर करून मी सऱ्या आडव्या ओलांडत राहिले, आणि आणखीच आत गेले. घाबरून हाका मारल्या.

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "वर काय बघतीस? सरीतलं पाणी बघ! जिकडनं येतंय तिकडं चाल, इहिरीवर निघशील!"

त्यानंतर रोज अंगणात डोळे मिटायला लावून, गोल फिरवून विचारायच्या, "इहीर कुठं हाय? दाव." मला तो जाच वाटायचा.

काल मी डोळे मिटले. हात आपोआप उठला. विहीर बुजवून कित्येक वर्षं झाली; तिच्याच जागेवर आमच्या इमारतीचा जिना आहे.