इंग्रजी भाषेचे पाटबंधारे

इंग्रजी बोलणाऱ्या समस्त जगाने कृपया उभे राहून ऐकावे, अशी एक गंभीर बातमी माझ्याकडे आहे. इंग्रजी वाक्याचे मूळ रहस्य ना लंडनला सापडले, ना न्यूयॉर्कला. सत्तरच्या दशकात ते कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या लोखंडी कपाटात गुंडाळी करून ठेवलेले होते. मामा आता नाहीत, म्हणून ही बातमी देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

मामा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. धरणाचं पाणी मुख्य कालव्यातून पोटकालव्यात, तिथून चारीत आणि चारीतून वाफ्यात कसं जातं, याचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. एकदा ऑफिसात एक लांबलचक इंग्रजी परिपत्रक वाचताना त्यांना साक्षात्कार झाला, की इंग्रजी वाक्यसुद्धा असंच वाहतं. आधी त्याचे दोन फाटे, मग प्रत्येक फाट्याचे आणखी दोन, असं करत शेवटी एकेका शब्दापर्यंत अर्थ पोचतो. "जावईबापू, शब्द रांगेत उभं हाईत असं आपल्याला वरनं दिसतंय," ते मला म्हणाले, "आत सगळी कालव्यांची जोडणी हाय!" झालं. त्या दिवसापासून ऑफिसात बाद झालेल्या ट्रेसिंगच्या कापडावर मामांनी इंग्रजी भाषेचं सिंचन सुरू केलं. खताच्या पोत्यावरची सूचना, खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक, कुणाच्या तरी लग्नाची इंग्रजी पत्रिका, जे हाताला लागेल त्याचा नकाशा निघायचा. औषध मात्र तसंच राहायचं आणि मामा खोकत राहायचे.

एवढं करून मामा इंग्रजी एक अक्षर बोलत नसत. स्टेशनवर एकदा एका गोऱ्या पाहुण्याने त्यांना देवळाची वाट विचारली. मामांनी प्रश्न शांतपणे ऐकला, बाकावर बसले, पिशवीतून कापड काढलं आणि प्रश्नाचा नकाशा काढायला घेतला. तो पुरा होईपर्यंत गोरा टांग्यात बसून गेलाही होता. "वाक्य लई देखणं होतं," मामा हळहळले, "उत्तराच्या भानगडीत पडलो असतो तर हातचं गेलं असतं."

नकाशा तपासायची त्यांची पद्धत तर जगावेगळी होती. आमच्याकडे गवळी म्हशी घेऊन चौकातल्या दूधकट्ट्यावर येतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतो. मामा रोज सकाळी पेला आणि एक नवं वाक्य घेऊन तिथे हजर. इंग्रजी शिकलेला कान बाटलेला असतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि आमच्या गवळ्याने तर शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मामा खड्या आवाजात वाचायचे, "द ओल्ड फार्मर फ्रॉम अवर व्हिलेज सोल्ड अ ब्लॅक बफेलो." बफेलो म्हणजे काय, हे त्या माणसाला म्हशीखाली बसूनही ठाऊक नव्हतं. पण धार न थांबवता तो निकाल द्यायचा, "व्हिलेजपाशी दम घ्या, मामा. त्याच्या अलीकडं थांबलासा तर घास अडकतोय." आणि मामा पेला खाली ठेवून बरोबर व्हिलेजपाशी पहिला फाटा फोडायचे.

पेठेत बोललं जायचंच, की मामांना खूळ लागलंय. मामींनी एकदा जुने नकाशे समजून दोन वर्षांची गुंडाळी भिजत घातली. ट्रेसिंगचं कापड धुतलं की खळ जाऊन मलमलीसारखं मऊ होतं. मामींनी त्याची नातवाला झबली शिवली. आता घरात महाभारत होणार म्हणून मी चप्पल शोधू लागलो. मामांनी नातवाला मांडीवर घेतलं, झबलं उजेडात धरून निरखलं आणि म्हणाले, "एक चारी अजून दिसती बघा." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यांना हवं होतं एकच. वीस वर्षांचं हे काम एकदा जाणत्या माणसाने बघावं. पुण्याचे भाषाशास्त्राचे एक प्राध्यापक कॉलेजात व्याख्यानाला आले, तेव्हा मी त्यांच्याकडून अर्धा तास मागून घेतला. मामा निवृत्तीच्या दिवशी मिळालेला कोट घालून आले. प्राध्यापकांनी टेबलावर कापड उलगडलं आणि ते हसतील म्हणून मी श्वास रोखला. ते हसले नाहीत. चष्मा पुसून ते फाट्याफाट्यावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा पडला.

"काका, कसं सांगू तुम्हाला," ते हळू आवाजात म्हणाले. "हे परदेशात आधीच कुणीतरी मांडलंय. बरीच वर्षं झाली. ते लोक कालव्याऐवजी उलटं झाड काढतात, पण जोडणी हीच. आता तर ठिकठिकाणी शिकवतात."

मला मामांकडे बघवेना. टेबलाच्या कडेवर टेकलेली त्यांची शाईने कायमची निळी झालेली बोटं तेवढी दिसत होती. वीस वर्षं, आणि कुणी दुसराच आधी पोचलेला. मामींना जाऊन काय सांगायचं, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात खुर्ची धाडकन मागे पडली. मामा ताठ उभे होते, डोळ्यांत पाणी, आणि व्हरांड्यातला शिपाई आत डोकावावा एवढ्या मोठ्यांदा ओरडले,

"म्हंजे माझं बरोबर हाय की वो!"