किसनकाकांचा लोटा

लग्नाचा मुलगा दिसला की किसनकाका त्याचं नाव-गाव विचारत नसत. पितळेचा लोटा काठोकाठ भरून त्याच्या हातात देत आणि समोर उकिडवे बसून त्याला पाणी पिताना बघत. भुवया कुठे जातात, डोळे मिटतात की काठावरून रोखून बघतात, गळ्याची घाटी किती घाईने हलते, सगळं बघत. लोटा रिकामा होईतो त्यांचा निकाल तयार असे. "तोंड वर केलं का मानसाचं सोंग खाली पडते," असं ते म्हणत.

आदिलाबादकडच्या मुधोळजवळ एका खेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, काकांचा वांगी-मिरच्यांचा मळा. मुलगी द्यायची झाली की आसपासचे लोक पत्रिका बाजूला ठेवत आणि काकांना गाडीत बसवून नेत. सुपारीच्या खांडापलीकडे ते काही घेत नसत. डोळे मिटून पितो तो सोसणारा. काठावरून बघतो तो संशयी, "त्याच्या घरी बायकोनं खिडकी उघडू नये." मला हसू यायचं. हसू यायचंच ते वय होतं.

शांता त्यांची एकुलती मुलगी, आईविना वाढलेली, आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला उटनूरचं स्थळ आलं, मुलाचं कापडाचं दुकान होतं. काकांनी लोटा दिला. मुलाने तो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि घोटाघोटाने, थेंब न सांडता प्याला. मी आणि शांता दाराआडून बघत होतो. मुलाकडचे निघून गेल्यावर काका आत आले. "मनाचा थंडा हाय. माह्या पोरीवर हात नाही उचलनार." शांता लाजून माझ्या पाठीमागे लपली. एवढ्या आनंदात मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा हडकली होती. कानाखाली काळानिळा डाग होता आणि त्यावर पदर घट्ट ओढलेला. माझ्या आईने तिला न्हाऊ घातलं, पाठ पाहिली आणि तशीच ओल्या हातांनी काकांकडे गेली. पोरीला परत धाडू नका, म्हणाली. काका मिरच्या निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "लागलं असंल कुठं, कामाची सवय नाही तिले. मी पाहून देल्लेला पोरगा हाय, वहिनी. माह्यं पाहनं चुकत नाही." त्या हंगामात आणखी चार घरं त्यांच्या शब्दावर थांबली होती. स्वतःच्या घरातच शब्द खोटा पडला असं ते कोणत्या तोंडाने सांगणार होते?

स्टँडवर तिला पोचवायला मी गेले होते. बस लागली, ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "बाबा, पानी द्या ना." काकांनी तोच लोटा बरोबर आणला होता. तो त्यांनी खिडकीतून वर दिला. शांताने तोंड वर केलं, पदर मागे सरकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पीत होती. आणि मुलखाच्या पोरांची तोंडं वाचणारा हा माणूस बसची पाटी बघत उभा राहिला. पाटी तेलुगूत होती. काकांना तेलुगूतलं एक अक्षर येत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी निरोप आला. विहिरीवर पाय घसरला म्हणे. तिकडे रडणं चाललं असताना मुलाची म्हातारी आत्या काकांजवळ येऊन बसली. बिचारीला वाटलं, मन मोकळं करावं. "आमचं पोरगं तसं मनाचं थंडं नव्हतं हो," ती म्हणाली, "तुमी पान्यावर पारखता हे समद्यांले ठावं. त्याच्यापायी आठ दिवस लोट्यानं पानी पेनं शिकवलं होतं त्याले."

काका त्या दिवशी घरी आले ते मान खाली घालून. त्यानंतर समोरच्याच्या पायांकडे बघत बोलत. मी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा संताप यायचा.

पुढे माझं लग्न झालं. ते कसं होतं ते इथे सांगत नाही. दीड वर्षाने मी माहेरी आले, ते परत न जाण्याचं ठरवून. पण वडिलांनी सकाळच्या बसची तयारी केली होती. दुकानदाराला चार लोकांत वावरावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. मी पिशवी घेऊन ओसरीत उभी होते, तेवढ्यात काका लोटा घेऊन आले.

"पे, पोरी."

मी तोंड वर करून प्याले. काका मान वर करून बघत होते. कितीतरी वर्षांनी मला त्यांचे डोळे दिसले. मग ते वडिलांकडे वळले. "हिले धाडू नका, भाऊ."

वडील चिडले. तुमच्या पाहण्याचं आता कोण ऐकतं, असं तोंडावर बोलले. काका तिथेच उंबऱ्यात, वाट अडवून बसले. "जवायाचं तोंड पाहून काई समजत नाही. घरी आलेल्या पोरीचं तोंड पाहा लागते. मले शांताचं दिसलं होतं, भाऊ. मी पाटी वाचत बसलो." स्टँडवर बस भोंगा वाजवत राहिली आणि निघून गेली. वडिलांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

मी शिकले, आदिलाबादला मास्तरीण झाले. काका गेले तेव्हा उशाशी मीच होते. शेवटचं पाणी लेकराने घालायचं. त्यांना दुसरं कोण होतं? चमच्याने पाणी ओठांशी नेलं तशी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"शांते, बस गेली का?"

"गेली, बाबा," मी म्हटलं. "मी नाही गेली."

मग त्यांनी पाणी गिळलं.