सगळंच क्लोराइड

आमच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल वहीतच व्हायचं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. प्रयोगशाळा होती. तिला कुलूप होतं. बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी केमिस्ट्रीचे सर वर्गात येऊन कोणत्या नंबरला कोणतं सॉल्ट येणार ते सांगून जायचे. पोरं म्हणायची, सॉल्ट फुटलं. मग परीक्षेला जायचं, परीक्षानळीत पाणी हलवल्यासारखं करायचं आणि पाठ केलेलं उत्तर उतरवायचं. बाहेरगावचे परीक्षक तोवर जेवायला बसलेले असायचे. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की क्लोराइडचा साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, पांढरा, ब्रोमाइडचा फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळाजर्द. आमच्या बारावीच्या वर्गाला हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, आणि एकानंही तो साका कधी बघितला नव्हता. शिकवणं चोरण्याचा याहून सभ्य प्रकार मला माहीत नाही.

मी तेव्हा नुकतीच विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत जायला लागले होते. पहिल्या ओळीत मागणी, मग सवाल, विशेषणं कमी, हे तिथंच शिकले. माझं पहिलं पत्रक या कुलपावर होतं. "प्रयोगशाळा उघडा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी आम्हाला इथं पाठ करायला नाही, शिकायला ठेवलं आहे." जवळच्या सिरसाळ्याहून झेरॉक्स काढून आणल्या आणि गेटवर वाटल्या.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. ते पत्रक त्यांनी पेपरवेटखाली ठेवलं होतं.

"पोरांना मार्क मिळायलेत. तुझं पोट कावून दुखायलंय?"

"सर, मार्क मिळायलेत, पण येत काहीच न्हाई."

त्यांनी पत्रक काढून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "उघडतो. पण शनिवारी सराव परीक्षा घेईन, मी स्वतः. उत्तरं बरोबर आली तर उघडी राहील. चुकली तर कुलूप, आणि बोर्डाला आपली जुनीच पद्धत. तुझ्या हट्टापायी वर्गाचे मार्क जाऊ देणार न्हाई मी."

अट मला मान्य होती. माझ्यापेक्षा माझ्या मैत्रिणीला जास्त. तिचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, ती मामाकडं राहून शिकत होती आणि तिला पुढं लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. ती म्हणाली, "आता कुलूप लागलं तर मी त्या कोर्सला जाईन कशी गं? नळी कुठून धरायची तेबी ठावं न्हाई मला."

सोमवारी कुलूप निघालं. ओट्यांवर पालींची घाण होती. आम्ही झाडलं, पुसलं, बाटल्यांवर नव्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या. केमिस्ट्रीचे सर आधी दारातच उभे होते. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. त्यांना हे सगळं येत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पहिल्याच तासाला फजिती झाली. प्रत्येकाला वेगळं सॉल्ट दिलं होतं. आयोडाइडवाल्यांचं पिवळं दिसलं, ते सुटले. बाकी सगळ्यांचं पांढरं. ज्यांचं काहीच यायला नको त्या नायट्रेटवाल्यांचं पांढरं, कार्बोनेटवाल्यांचं पांढरं. अमोनिया टाकून बघितला तर तो साका विरघळला, म्हणजे पुस्तकाप्रमाणे पक्कं क्लोराइड.

मागच्या ओट्यावरून आवाज आला, "तुझं काय आलं बे?"

"क्लोराइड."

"माझंबी. सगळं गाव एकाच भावकीतलं निघालं की."

"पत्रकवाल्या ताईला इचार. ताई, आता क्लोराइड हटावचा मोर्चा काढायचा का?"

मी बाटल्या उलटसुलट करून बघत होते. मनात दुसऱ्या पत्रकाची पहिली ओळ तयार होती: मुदत संपलेली रसायनं खरेदी कुणी केली? गुरुवारपर्यंत तेच चाललं. सर बाटल्या बदलून बघत होते, पोरं हसत होती, आणि शनिवार जवळ येत होता.

गुरुवारी मैत्रीण काम करता करता थांबली. हातातली नळी तिनं उजेडाला धरली.

"सर, ह्याच्यात मी सॉल्ट टाकलंच न्हाई अजून."

नळीत पांढरं होतं. घाईत तिनं नुसत्या पाण्यातच अ‍ॅसिड आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं होतं.

सरांनी नळी घेतली, नळाकडं बघितलं आणि खाली स्टुलावर बसून हसायलाच लागले. "अरे, बोअरचं पाणी. त्यात क्लोराइड मुळातच, वर ग्रामपंचायत जंतू मारायला टाकीत टीसीएल पावडर टाकते, तीबी क्लोरीनचीच. आपण इतके दिवस टाकी तपासायलोत." या नळाच्या पाण्यात कुणीच कधी प्रयोग केला नव्हता, म्हणून ते चालत नाही हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

शुद्ध पाणी कुठून आणायचं? मागच्या ओट्यावरचा तोच, मोर्चावाला, म्हणाला, "आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी हाय घरी. कॅन भरून हाय." सर म्हणाले, "जा, पळ." तो गाडीला किक मारून गेला. कॅनमधल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले आणि काहीही झालं नाही. काही न होण्यानं मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

शनिवारी प्राचार्य खुर्ची टाकून बसले. माझ्या नळीत फिकट पिवळं आलं. ब्रोमाइड की आयोडाइड, ठरेना. म्हणून क्लोरीनचं पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून हलवलं. क्लोरीन जास्त क्रियाशील, तो ब्रोमिनला आणि आयोडिनला त्यांच्या क्षारातून बाहेर काढतो, ते मात्र त्याला काढू शकत नाहीत, हे मी शंभरदा लिहिलं होतं. आता तळाच्या थरात नारिंगी रंग उतरताना बघितला. ब्रोमाइड. माझी बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडली होती आणि मला ती मिरवावीशी वाटत होती.

मैत्रिणीच्या कागदावर होतं: क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, तिन्ही नाहीत.

प्राचार्यांनी भुवया चढवल्या. "न्हाई म्हणजे? जमलं न्हाई का?"

"जमलं सर. हे नायट्रेट हाय. म्हणून तर काहीच आलं न्हाई."

त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली. प्राचार्य मग ओट्याओट्यानं फिरले आणि एका आयोडाइडवाल्यापाशी थांबले. त्याच्या नळीच्या तळाशी जांभळा थर होता, पिकल्या जांभळासारखा.

"हे कशानं झालं?"

"क्लोरीननं आयोडिनला हाकललं, सर."

"दे इकडं." त्यांनी ड्रॉपर घेतला आणि क्लोरीनचं पाणी भरपूर ओतलं. हलवलं. जांभळं फिकट झालं आणि गेलं.

"गेलं कुठं?"

"जास्त पडलं सर," मैत्रीण म्हणाली. "जास्त क्लोरीननं रंगबी जातो. थेंबाथेंबानं टाकायचं असतं."

प्राचार्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि म्हणाले, "दुसरी नळी दे. आणि सोमवारी ही खोली कितीला उघडायची ते तुमीच ठरवा."